रातांबा वाया घालवू नका



आंब्याची बाग आपण कोकणातले लोक डोळ्यांत तेल घालून राखतो. पण परसातल्या रातांब्याकडे कोण बघतो? आज आम्ही त्याच्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

रातांबा एप्रिल-मे महिन्यांत पिकून लाल होतो. पावसात सापडला की कुजतो. म्हणून काम पावसाआधी उरकावं.

फळ फोडून साल निराळी करावी. गराच्या रसात मीठ घालावं. साल त्या रसात बुडवावी, उन्हात वाळवावी, पुन्हा बुडवावी. अशी पाच-सहा पुटं दिली की झालं आमसूल! मीठ घातलेला रस म्हणजे आगळ. साखर घातली, तर सरबत.

बी मात्र पुष्कळजण उकिरड्यावर टाकतात. तसं करू नका. बी वाळवून फोडा. आतला मगज कुटून पाण्यात उकळा. तेल वर येतं. गार झालं की थिजतं. हेच मुठेल. टाचांच्या भेगांवर ते लावतात. त्याला गिऱ्हाईकही मिळतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रातांब्यात नर झाड निराळं, मादी निराळी. नराला फळ धरत नाही. बी पेरली तर झाड नर की मादी, हे फुलल्यावरच कळतं. तोवर कित्येक वर्षं फुकट जातात. म्हणून मादी झाडाचं कलम लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली 'कोकण अमृता' ही चांगली जात दिली आहे.

फळ एकच, पण साल, रस, बी, तिन्हींचे पैसे होतात. मग टाकायचं काय?