आश्रमशाळेच्या पुढची वाट

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, बोरिवली येथे केलेले भाषण)



मी व्यवसायाने कापड व्यापारी, शिक्षणाने बी. कॉम. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. न्यासाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केलेला आहे. मी केवळ एका प्रश्नापुरते बोलणार आहे. जव्हार परिसरातील ज्या आश्रमशाळेत आपण दर हिवाळ्यात वह्या आणि ब्लँकेटे वाटतो, तेथील मुलांचे बारावीनंतर पुढे काय होते?

हा प्रश्न मला एका मुलाने शिकविला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच आश्रमशाळेतील एक वारली समाजाचा मुलगा बारावी विज्ञान शाखेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. उपनगरातील एका महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. जूनअखेरीस तो माझा पत्ता शोधीत दुकानात आला. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत दोन-तीन महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि जेवणाची सोय होईल का, एवढेच त्याने विचारले. मी त्याला न्यासाचा नियम सांगितला : वस्तू देता येतात, रोख रक्कम देता येत नाही. मग दोन पँट-शर्टांचे कापड मोजून दिले आणि पाठीवर हात ठेवून निरोप दिला. आपण सत्कर्म केले, अशा समाधानात त्या रात्री मी झोपलो.

आरे वसाहतीतील एका पाड्यावर दूरच्या नातेवाइकाकडे त्याने काही आठवडे काढले. त्या घरावर आपला भार नको म्हणून दिवाळीपूर्वीच तो गावी गेला आणि परतलाच नाही. दोन वर्षांनी आमच्याच इमारतीच्या दुरुस्तीच्या कामावर तो मला भेटला. डोक्यावर सिमेंटचे घमेले होते. ओळख पटताच म्हणाला, “शेठ, तुम्ही दिलेलं कापड शिवून घेतलं होतं. कॉलेजला तेच घालून जायचो.” त्याच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेशही नव्हता; म्हणूनच ते वाक्य मला आजही विसरता येत नाही.

बंधूंनो, आपण व्यापारी माणसे. मूळजी जेठा मार्केटमधून माल उचलतो तेव्हा साठ किंवा नव्वद दिवसांची उधारी मिळते. माल विकला जातो, मग पैसे चुकते होतात. ही उधारी नसती, तर आपल्यापैकी किती जणांच्या वडिलांनी दुकान थाटले असते? त्या मुलाला दान नको होते. त्याला नव्वद दिवसांची उधारी हवी होती. त्याची पत मोठी होती. ती ओळखण्यात मी, एक जुना व्यापारी, चुकलो.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आहे, शासकीय वसतिगृहे आहेत. ज्यांना तेथे जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना सुरू झाली. तिच्यातून भोजन व निवासाची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. अडचण असते ती वेळेची. खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो, रक्कम मात्र अर्ज, छाननी आणि मंजुरी झाल्यानंतर हाती येते. त्यातच कागदपत्रे! जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि सर्वांत कठीण म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी वडील-आजोबांच्या पिढीचे पुरावे मागितले जातात. ज्या घरात शाळेची पायरी चढणारा हा मुलगाच पहिला, त्या घरात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कोठून येणार?

याहून सूक्ष्म अडचण एकटेपणाची. आश्रमशाळेत घंटेवर उठणारे, एका पंक्तीत जेवणारे, आपल्याच बोलीत हसणारे मूल अचानक शंभर-सव्वाशे अनोळखी मुलांच्या वर्गात येऊन बसते. व्याख्यान इंग्रजीत, प्रश्न विचारावा तर लोक हसतील ही भीती. आपल्या मुलांना शहरात काका-मामांचे घर असते, पदवीनंतर कोणाची तरी पेढी असते, “हा आमचाच मुलगा” असे सांगणारे कोणी तरी असते. या मुलांसाठी असे सांगणारे कोण आहे?

या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण अपरिहार्य आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. परंतु कर्मवीर वसतिगृहापाशी थांबले नाहीत. त्याच मुलांना पुढची वाट मिळावी म्हणून १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. मुंबईतही १९१५ साली स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने गावोगावच्या आपल्या मुलांना शहरात छप्पर दिले, म्हणून त्यांची महाविद्यालयीन शिक्षणे पूर्ण झाली. म्हणजे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या मुलांसाठी आपण ती केलेली आहे.

त्या चुकीनंतर आम्ही चार मित्रांनी न्यासाबाहेर, स्वतःच्या खिशातून, एका मुलीची जबाबदारी घेतली. तिला परिचारिका व्हायचे होते. पैसा फारसा लागला नाही, वेळ लागला. दाखल्यांसाठी आमच्यापैकी एक जण तिच्या वडिलांबरोबर कचेऱ्यांत जात असे. माझी पत्नी दर रविवारी फोन करी. पहिल्या परीक्षेत ती एका विषयात नापास झाली आणि सामान बांधून निघाली, तेव्हा हिने तिला दोन दिवस घरी ठेवून घेतले. आज ती एका रुग्णालयात नोकरीला आहे आणि धाकट्या भावाची फी स्वतः भरते. उचललेली रक्कम तिने हप्त्याहप्त्याने परत केली. आम्ही नको म्हणत असतानाही!

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी तीन मागणी आहेत. पहिली : न्यासाने फिरता निधी उभारावा, ज्यातून मुलांना पहिल्या सहामाहीचा खर्च बिनव्याजी मिळेल आणि नोकरी लागल्यावर तो परत येऊन पुढच्याच्या कामी येईल. दुसरी : अकरावीतच कागदपत्रांचे शिबिर घ्यावे. तिसरी : प्रत्येक विद्यार्थ्यामागे आपल्यातील एका कुटुंबाने वर्षभर उभे राहावे आणि शिक्षण संपल्यावर आपल्या दुकानांत, कार्यालयांत त्याला स्थान द्यावे, गठ्ठे उचलण्यासाठी नव्हे, हिशेब आणि व्यवहार शिकण्यासाठी.

एक नम्र विनंती. हे करताना उपकाराची भाषा नको, छायाचित्रेही नकोत. ज्यांची वारली चित्रे आपण दिवाणखान्यात अभिमानाने लावतो, त्यांच्या मुलांना आपल्यासारखे बनविणे हा आपला हेतू नाही. त्यांनी आपल्या इच्छेने आपली वाट चालावी, एवढेच.

ब्लँकेटे आपण जरूर देऊ. जव्हारची थंडी कडक असते. परंतु यंदा ती वाटून परत निघताना बारावीच्या वर्गात जाऊन एवढे विचारू या, “जूनमध्ये मुंबईत कोण येणार आहे? उतरायला आमचे घर आहे.”

जय जिनेंद्र!