कोर्लईची बोली कुणी राखली?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत समुद्रकाठच्या गावाचं काय काम, असं कुणी मनात म्हणेल. काम आहे, ऐका.

रायगड जिल्ह्यात मुरूड तालुक्यात कोर्लई गाव आहे. कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथं उत्तरेला रेवदंडा आणि दक्षिणेला समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर. वर किल्ला, पायथ्याला वस्ती. हा किल्ला 1594 साली पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला, 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज निघून गेले. मागं राहिली ती कष्टकरी ख्रिस्ती माणसं. ती घरात आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. तिला म्हणतात 'नॉ लिंग', म्हणजे आमची बोली. बोलणारे फार तर हजारभर. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य आपल्यासारखं, क्रियापद शेवटी.

हसू नका. तुमचं घमेलं, पगार, मेस्त्री, चावी, बटाटा, सगळे पोर्तुगीजांकडूनच आलेत.

आता बघा, पेशवाई गेली, इंग्रज आले नि गेले, कुलाबा जिल्ह्याचा 1981 साली रायगड झाला. ही बोली ना शाळेत शिकवली, ना तलाठ्याच्या दप्तरात लिहिली. सातबारा मराठीत. प्रार्थनासुद्धा पुढं मराठीत आली. मग अडीचशेहून जास्त वर्षं ती राखली कुणी? एका वस्तीत राहून, आपसात सोयरिक करून, एकत्र राबणाऱ्या माणसांनी. लावणीच्या चिखलात आणि चुलीपाशी जी चालते तिला सरकारी शिक्का लागत नाही.

पण तिथली शेती कशी? पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, आपल्या दुप्पट-तिप्पट. तुम्हाला हेवा वाटेल. मी शेतीचं शिकलेला माणूस, सांगतो, उतारावरचं पाणी बघता बघता समुद्रात जातं. खरिपात भात, मग उरल्या ओलीवर वाल, आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ आहेच. वाटण्या होऊन तुकडे उरतात. त्यात किनाऱ्यावरच्या जमिनीला बंगलेवाल्यांचा भाव. पोरगा मुंबईला गेला की घरी पैसे येतात, पण त्याची मुलं आजीशी मराठीत किंवा इंग्रजीत बोलतात. तीन राजवटींनी जे झालं नाही ते न परवडणाऱ्या शेतीनं एका पिढीत होऊ शकतं. म्हणून ही गोष्ट मी भाषेच्या पंडितांकडे न नेता तुमच्यापुढं आणली.

आपल्याकडे कोलामी आहे, गोरमाटी आहे. कोलाम पोडावरची बाई बैठकीला येते, मागं बसते, तोंड उघडत नाही. का? तिच्या बोलीत विचारणारा कुणी नसतो. तिच्या रानातलं बियाणं, तिथला चढ-उतार, पाणी कुठं मुरतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पुढच्या बैठकीला तिला पहिल्या रांगेत बसवा, कोलामीतच बोलू द्या. मराठीत सांगायला पोडावरचाच एखादा शिकलेला पोरगा शेजारी उभा करा. वेळ जास्त लागेल. लागू द्या.