दवाखान्यातून घरी येताना
(वर्षावासातील कार्यक्रमात एका फार्मासिस्टने केलेले भाषण)



वर्षावासात हा गोळ्या-औषधांवर काय बोलणार, असे काहींना वाटेल. परंतु विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. हगवणीने अंथरुणाला खिळलेल्या त्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली. शुश्रूषा करणाऱ्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे. रुग्णानेही औषध घ्यावे व आपल्या दुखण्याची खरी हकिगत सांगावी, अशी शिकवण तेथे आहे. माझा विषय त्याहून वेगळा नाही.

माण-खटावचा रुग्ण साताऱ्याला किंवा कराडला जातो, जत-आटपाडीचा सांगली-मिरजेला येतो. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय काढले, तेव्हापासूनची ही वाट. सुट्टी मिळाली की एस.टी. गाठायची घाई. हातात डिस्चार्ज कार्ड व नव्या गोळ्या. घरी फळीवर जुन्या गोळ्या असतातच. घोटाळा इथेच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी हानी टाळण्याची मोहीम सुरू केली, तीतही हा काळ धोक्याचा मानला आहे.

एक अनुभव सांगतो. एका आजींचा मुलगा माझ्याकडे औषधे न्यायला आला. कार्डावर ग्लायकोमेट जीपी होती. मी विचारले, "दादा, आईंची आधीची शुगरची गोळी कोणती?" त्याने खिशातून अ‍ॅमरिलचे पाकीट काढले. "ही पण चालू आहे. बंद करा असं कुणी सांगितलं नाही." दोन्हींत ग्लिमेपिराइड! नावे दोन, औषध एकच. दोन दिवस आजींना पहाटे दरदरून घाम येत होता, हातपाय थरथरत होते. घरचे अशक्तपणा समजत होते. प्रत्यक्षात साखर घसरत होती. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी जुनी गोळी थांबवली. विचारायचे तेवढे राहून गेले होते.

१९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे आहे. २०१५ च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हेही त्याचे कर्तव्य ठरवले. म्हणून विचारायला संकोच नको, तो आपला हक्क आहे.

सुट्टीच्या दिवशी घरातली सगळी औषधे, काढे-चूर्णेसुद्धा, पिशवीत घालून न्या. विचारा : जुन्यापैकी कोणती बंद? नवी कशासाठी, किती दिवस? दोन गोळ्यांत एकच औषध तर नाही ना? जनऔषधी केंद्रातली गोळी जुनीच्या ऐवजी घ्यायची असते, जुनीबरोबर नव्हे. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतली तर जिवावर बेतते. तिच्या पाकिटावर वार लिहून घ्या. आणि कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती, रांग कितीही असो, "आधी काय घेता?" हा एक प्रश्न विचाराच.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. त्यांच्यामुळे आपल्या घराघरात वाचणारी मुले आहेत. आज घरी गेल्यावर मुला-नातवंडांकडून आजी-आजोबांचे डिस्चार्ज कार्ड एकदा वाचून घ्या, जुन्या पाकिटांशी ताडून पाहा. एवढे केलेत तरी माझे बोलणे सार्थकी लागले.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!