पाना कोणाच्या हातात?

(शाळेच्या प्रदर्शनात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, भिंतीवर वारली चित्रं आणि समोर विद्यार्थ्यांनी भंगारातून जोडलेल्या सायकली, दोन्ही देखण्या. पण विचारलं तेव्हा कळलं, सायकलींवरची नक्षी मुलींची. चेन, ब्रेक, बेअरिंग मुलांचं.

डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानं लिहायचा मान सवाशिणींचा. (विधवेला तो नाही, हेही बोलायला हवं.) १९७०च्या दशकात तेच चित्र कागदावर आलं, विकलं जाऊ लागलं आणि नावं बहुतेक पुरुषांची झाली. जिव्या सोमा मशे मोठे कलावंत, २०११ साली पद्मश्री मिळाली ती योग्यच. पण चौक लिहिणाऱ्या आज्यांची नावं कुठे आहेत?

तमिळनाडूत पुदुकोट्टईला १९९१ नंतर साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तर जेन्ट्स घेतल्या. मधल्या दांडीवर मूल बसवता येतं म्हणून त्याच बऱ्या, असं पुष्कळजणींनी ठरवलं!

शिक्षकांकडे मागणं एवढंच. पुढच्या वेळी पंक्चर काढायला, चाकाचा आउट काढायला मुलींना बसवा, पीठ मुलांना भिजवू दे. आणि या सायकली उद्या कोणाच्या घरी जाणार, ते आजच इथे सांगा.