फुकटच्या सरपणाचा हिशोब



पंपाचे वीजबिल आपण काटेकोरपणे तपासतो. चुलीचा हिशोब मात्र मांडत नाही. सरपण फुकटचे, असे म्हणतो. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के भांड्याला लागते. म्हणजे दहा किलोंच्या मोळीतले साडेआठ-नऊ किलो वाया, आणि मोळी वाहिली घरच्या बाईने! धूरही तिनेच सोसला.

गॅसची शेगडी सुमारे ६० टक्के, इंडक्शन शेगडी सुमारे ८५ टक्के उष्णता भांड्याला देते. १४.२ किलोच्या सिलिंडरचे काम इंडक्शनवर साधारण १३० युनिटांत होते. ही युनिटे जादा पडतात, म्हणून बिलातील वरच्या टप्प्याचा दर धरून १३० ने गुणा व सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहा. अॅल्युमिनियमची साधी पातेली मात्र इंडक्शनवर चालत नाहीत. नव्या भांड्यांचा खर्चही धरावा.

गोठ्यात चार-पाच मोठी जनावरे असतील, तर माझे मत गोबरगॅसला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. गोवऱ्या जाळल्या की शेणातील नत्र धुरात जाते; येथे ते स्लरीतून शेताला परत मिळते.

इंधन कोणतेही असो, तूरडाळ तासभर आधी भिजवा आणि कुकरची पहिली शिट्टी होताच आच मंद करा.