साखरेच्या पोत्यातले दहा टँकर



माझ्यानंतर फिशपाँड आहेत, असं स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालकांनी मला दोनदा बजावलंय. तेव्हा आटोपशीर बोलते.

आंतरराष्ट्रीय व्यापार, शाश्वत विकास आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचं नियमन, असं भारदस्त नाव असलेला विषय मी शिकवते. नाव ऐकलं की मुलांना जागतिक व्यापार संघटनेचं जिनिव्हा आठवतं. मला पैठण आठवतं. आपल्या भागातून माल परदेशी जाणं हे काही काल-परवाचं नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे, की पैठणचे मौल्यवान दगड आणि तेरचं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात यायचं. पैठणहून वीस दिवसांची वाट. त्या कापडामागे पाणी किती गेलं, हे कोणी मोजलं नाही, मोजायची गरजही नव्हती. आज आहे.

साखर घ्या. महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे ऊस साधारण 2,000 लिटर पाणी पितो. त्यात थोडं पावसाचंही आलं, हिशेब ढोबळच आहे. पण करून बघा. पन्नास किलोचं एक पोतं म्हणजे एक लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. हमाल पाठीवर पोतं घेतो तेव्हा ते दिसत नाहीत. टोनी अ‍ॅलन नावाच्या ब्रिटिश प्राध्यापकांनी याला आभासी पाणी म्हटलं आणि त्यासाठी त्यांना 2008 मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. तोच पुरस्कार 1993 मध्ये आपल्या माधवराव चितळ्यांना मिळाला होता. याच शहरात राहून त्यांनी पाण्यावर केवढं काम केलं, ते तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? हात वर करू नका, राहू द्या.

आता दोन कागद सांगते. पहिला जिनिव्हाचा. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या उसाच्या दराविरुद्ध आणि निर्यात अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर 2021 मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. भारताने अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे 2019 पासून बंद पडलेलं. प्रकरण लटकलं. सगळं भांडण पैशाचं होतं. ब्राझीलचा ऊस बहुतेक पावसावर वाढतो आणि आपला धरणावर, हा फरक त्या वादाचा मुद्दाच नव्हता.

दुसरा कागद आपल्या घरचा. 2005 च्या कायद्याने नेमलेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर 2014 मध्ये आदेश काढला. 15 ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणात 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. उच्च न्यायालयाने 2016 मध्ये हे समन्यायी वाटप उचलून धरलं. तरी 2023 मध्ये 8.6 टीएमसी, म्हणजे 8.6 अब्ज घनफूट पाणी सोडायचं ठरलं, तेव्हा वरून-खालून आंदोलनं, याचिका, सगळं झालं. आपल्या शहराला पाणी जायकवाडीचंच; ते नळाला किती दिवसांनी येतं, हे औरंगपुऱ्यातल्या लोकांना मी सांगायला नको. आणि गणित काय सांगतं? मघाच्या हिशेबाने 8.6 टीएमसीत जेमतेम सव्वा लाख टन साखर होते. 2021-22 च्या हंगामात देशाने बाहेर पाठवली ती सुमारे 110 लाख टन! त्या आदेशात पाण्याची वाटणी आहे, पण वाटून झाल्यावर त्यातलं किती पोत्यांत भरून बंदराला जातं, हे बघणं त्याचं काम नाही.

उद्या कोणी म्हणेल, मॅडम ऊसवाल्यांच्या विरोधात बोलून गेल्या. मुळीच नाही. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. वैजापूरच्या माणसाने कमी पाण्याचा कांदा लावला, लासूर स्टेशनच्या बाजारात आणला, आणि 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली. रात्रीतून भाव पडले. साखरेची निर्यातही सरकारने 2022 पासून आवळली, पण उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, वाढतच गेली. मग विहिरीला पाणी असलेला माणूस पुढच्या वर्षी काय लावेल? दिल्लीच्या एका अधिसूचनेने गोदावरीकाठचं पीक ठरतं. याला मी व्यापार धोरण कमी आणि पाणी धोरण जास्त म्हणते, फक्त अधिसूचना काढणाऱ्यांना तसं वाटत नाही.

हे दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवून वाचणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. व्यापार शिकलेला टीएमसी म्हटलं की बावचळतो, पाटबंधाऱ्याचा अभियंता अनुदानाच्या कलमांपाशी अडखळतो. गंमत अशी, की पाणी शिकवणारी वाल्मी ही संस्था आणि आपलं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दोन्ही कांचनवाडीच्या परिसरात. इथून रिक्षाने जाता येतं. वाणिज्यच्या मुलांनी वाल्मीत जाऊन धरणाचा साठा कसा मोजतात ते बघावं. विज्ञानवाल्यांनी कायद्याच्या वर्गात बसायची परवानगी मागावी, फार तर नाही म्हणतील.

बाकी अभ्यासक्रम, शिष्यवृत्त्या, परदेशी विद्यापीठं, यावर मी आत्ता बोलत नाही. ज्याला विषयाची गोडी लागते, तो हे सगळं शोधून काढतोच.

एक काम मात्र देऊन जाते. माझा 2,000 लिटरचा आकडा ठिबकवरच्या उसाला लागू पडतो का, ते गावी गेल्यावर तपासा. मोटार किती तास चालते, तासाला किती पाणी पडतं, एकरी किती टन ऊस निघतो, साखरेचा उतारा काय लागतो, एवढं आजोबांना नाहीतर काकांना विचारलं तरी पुरे. आकडा कमी निघाला तर मला कळवा, पुढच्या वर्गाला मी तुमचाच शिकवीन.