साइट कुठली घेऊ?

आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाची मुलं भेटली की एकच काळजी सांगतात: थीसिसला साइट कुठली घेऊ? निम्म्यांच्या डोक्यात विमानतळ असतो, उरलेल्यांच्या म्युझियम. मी म्हणतो, नागपूरहून वर्ध्याच्या एसटीत बस आणि केळझरला उतर.

टेकडीवर वरदविनायक आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. भोवती जुन्या किल्ल्याच्या खुणा. गावकरी सांगतात, महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, भीमानं बकासुर मारला तो इथंच. ज्युरीपुढे बकासुर चालायचा नाही, पण चतुर्थीची गर्दी चालेल. त्या माणसांसाठी यात्री निवास, एवढाच विषय. एरवी ओस, चतुर्थीला ओसंडून वाहणारा. एकाच इमारतीला हे दोन्ही जमवायचं, म्हणजे डोक्याला खुराक.

एकानं खरंच ऐकलं. महिन्यानं शीट्स घेऊन आला, तर दर्शनी भाग सगळा काचेचा! मी विचारलं, "मे महिन्यात काय रे करशील? वर्ध्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो." तो म्हणाला, "एसी लावू, सर." मी शीट गुंडाळली आणि त्याला सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात पाठवलं.

तिथं 1936 सालचं आदिनिवास आहे. शेजारी बापूकुटी, मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेननं स्वतःसाठी बांधलेली. माती, बांबू, कवेलू. जाड भिंत दिवसाचं ऊन आत यायला उशीर लावते, ओसरी ते भिंतीपर्यंत पोचूच देत नाही. घर बांधायचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हे गांधीजींचं म्हणणं वास्तुकार लॉरी बेकर जन्मभर सांगत राहिले.

पण यात्री निवासाला मोठा गाळा लागतो, त्याला बांबूचं छप्पर पुरत नाही. त्याचंही उत्तर वर्ध्यातच आहे. देवेंद्रकुमारांनी 1976 साली इथं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभं केलं. त्या केंद्रानं कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूसारख्या पोकळ नळ्यांची छतं केली. एकीचं तोंड दुसरीत बसवत न्यायचं, की कमान होते. अशा कमानी शेजारीशेजारी मांडायच्या आणि वरून गिलावा. लोखंड नाही, लाकूड नाही. नळीतली हवा उन्हाला अडवते. मात्र कमान भिंतीला बाहेर ढकलते, म्हणून भिंत जाड हवी किंवा दोन्ही बाजूंच्या भिंतींना जोडणारा ताण हवा. इंजिनिअरिंगचा खरा पेपर हाच, आणि मुलं नेमका तोच सोडून रंगीत झाडं काढत बसतात.

तो मुलगा परत आला तेव्हा काच गेली होती. शीटच्या कोपऱ्यात त्यानं पेन्सिलीनं हिशेब मांडला होता: एका खोलीला नळ्या किती, आणि एक कुंभार दिवसाला किती घडवेल.

"हा आकडा आणला कुठून?"

"कुंभाराला विचारला, सर. भिंत किती जाड घ्यायची, ते मात्र त्यानं तुम्हाला विचारायला सांगितलंय."